तूर फुलावर येतेय, पट्टेवाला भुंगा आधी नीट ओळखा

नागपूरकडे मूग-उडीद निघालेत, भेंडी चालू आहे, आणि धुऱ्यावरची तूर फुलायला लागली की विचारणा सुरू होते की काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला भुंगा फुलं खातोय, कोणतं औषध मारू? माझं म्हणणं, पंप भरायच्या आधी दहा मिनिटं द्या आणि तो खरंच ब्लिस्टर बीटल, म्हणजे अंगावर फोड आणणारा भुंगा, आहे का ते बघा, कारण या किड्याचं मोठेपण आणि लहानपण इतकं वेगळं आहे की एकच बाजू बघून निर्णय घेतला तर पैसे जातात, मधमाश्याही जातात.

काही गावांत याला हिंगे म्हणतात, बाजरीवर येणाऱ्या याच्या भाऊबंदांनाही तेच नाव आहे. आपल्याकडे तूर, भेंडी, अंबाडी, चवळी, मूग यांच्या फुलांवर जास्त करून दिसतो तो हायक्लियस पुस्टुलाटस, जुन्या पुस्तकांत हाच मायलॅब्रिस पुस्टुलाटा म्हणून सापडेल, गोंधळू नका.

आता ओळख. रंगावर अजिबात जाऊ नका. लाल-काळा म्हटलं की कापसावरचा लाल ढेकण्याही त्यात येतो, पण त्याला रस शोषायची सोंड असते, आणि ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड तर मावा खाणारा आपला मित्र, गोल, घुमटासारखा, मिशा आखूड. ब्लिस्टर बीटल लांबट असतो, डोक्यामागे मान स्पष्ट बारीक दिसते, मानेमागचा भाग पंखांपेक्षा अरुंद, आणि वरचे पंख बाकी भुंगेऱ्यांसारखे कडक नाहीत, मऊ, चामड्यासारखे. मोबाईलला मॅक्रो असेल तर पायाचा फोटो काढा आणि झूम करा: पुढच्या आणि मधल्या पायांच्या पावलात ५ पेरं, मागच्या पायात ४. हे ५-५-४ एकटं पुरत नाही, कचऱ्याखाली सापडणाऱ्या काही काळ्या भुंगेऱ्यांचंही तसंच असतं, म्हणून नखं पण बघा. ब्लिस्टर बीटलचं प्रत्येक नख उभं चिरल्यासारखं दुहेरी असतं. मान, मऊ पंख, ५-५-४ आणि दुहेरी नख, चारही जुळले तर मेलॉइडी, म्हणजे ब्लिस्टर बीटलचं कुळ, नक्की समजा. त्यातही मिशा टोकाकडे हळूहळू जाड होत असतील आणि पंखांवर आडवे पट्टे असतील तर तो पट्टेवाल्या गटातला.

सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याशी याचा काही संबंध नाही, त्याच्या मिशा अंगाएवढ्या लांब असतात. आणि पावसाळ्यात रात्री लाईटवर येणारा, चिरडला की कातडीवर लाल चट्टा उठवणारा बारीक लाल-काळा किडा वेगळाच, पेडेरस, त्याचे पंख आखूड आणि पोट उघडं असतं.

खरी मजा अळीत आहे. मादी जमिनीत पुंजक्यात अंडी घालते आणि त्यातून निघणारी पहिली अळी उवेसारखी दिसते, पळते, लांब पायांची, पायाच्या टोकाला नखं तीन असल्यासारखी, म्हणून तिला ट्रायअंगुलिन म्हणतात. पूर्वी ही अळी मधमाशीच्या अंगावर सापडली तर शास्त्रज्ञांनी तिला वेगळाच किडा समजून वेगळं नाव दिलं होतं, पुढे १८५७ मध्ये फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी या अळीचं टप्प्याटप्प्याने रूप बदलणं मांडलं, आणि १९५६ मध्ये कीटकशास्त्रज्ञ मॅकस्वेन यांनी फक्त पहिल्या अळीच्या अंगरचनेवरून या कुळाचं वर्गीकरण करून दाखवलं. अळीच्या रूपावरून ती कुठे वाढते ते बऱ्यापैकी कळतं. याच कुळातल्या मेलोई नावाच्या गटाच्या अळ्या फुलावर चढून बसतात, मधमाशीला चिकटतात आणि तिच्या घरट्यात जाऊन परागाचा साठा खातात. आपल्या पट्टेवाल्याची अळी मात्र मातीत फिरून नाकतोड्याच्या अंड्यांचा पुंजका शोधते आणि तीच खाते. तिथे शिरली की कात टाकून पाय आखूड, अंग पांढरट, वाकडं होतं, मग एक टप्पा असा येतो की कडक कवचात, हालचाल नाही, खाणं नाही, आणि त्यानंतर कोष.

नांगरताना पांढरी वाकडी अळी दिसली की लगेच हुमणी समजू नका. हुमणी मुळाशी सापडते, डोकं तपकिरी कडक. ही नाकतोड्याच्या अंड्यांच्या पुंजक्यात सापडते आणि मुळं खात नाही.

म्हणून माझा सल्ला असा की वावरात थोडे भुंगे असतील तर फवारू नका. त्यांची पोरं नाकतोड्याची अंडी खातात, तूर परत फुलं काढते, आणि फुलात फवारलं की मधमाश्या मरतात आणि बाहेरून नवीन भुंगे येतच राहतात. सकाळी गार असताना ते सुस्त असतात, तेव्हा हातमोजे घालून किंवा जाळीने गोळा करा आणि साबणाच्या पाण्यात टाका. धुऱ्यावरच्या बेशरमच्या फुलांवर पण बघा, तिथे थव्याने बसतात. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारायचंच असेल तर ते अळीची संख्या बघून ठरवा, भुंग्यासाठी नाही, आणि औषध त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलंच घ्या. भेंडीत मात्र भुंगा जास्त झाला तर वेचणी रोजच करावी लागेल, कारण फूल गेलं की फळ गेलं.

उघड्या हाताने चिरडू नका. दाबला की पायांच्या सांध्यातून पिवळट रस निघतो, त्यात कॅन्थरिडीन नावाचं विष असतं, काही तासांत फोड येतो. साबणाने धुवा, डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भुंगे बसलेला चारा कापून लगेच गाई-बकऱ्यांना टाकू नका, आधी झटकून बघा. घोडा असेल तर जास्तच जपा, आणि लक्षात ठेवा, मेलेला, वाळलेला भुंगाही विषारीच राहतो.