रिटुक्सिमॅबनंतरच्या बी पेशी: कुठल्याही लॅबमध्ये आकडा सारखाच यावा म्हणून

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅब ही औषधं दिल्यावर रक्तातल्या बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जवळपास नाहीशा होतात. त्या, विशेषतः पृष्ठभागावर सीडी२७ हे प्रथिन असलेल्या स्मृती पेशी, कधी परततात यावरून पुढचा डोस केव्हा द्यायचा आणि औषध कुणाला कितपत लागू पडेल, हे ताडण्याचा प्रयत्न होतो. पण त्याच रक्ताचा आकडा पुण्यात एक आणि नागपुरात दुसरा येणार असेल, तर त्यावर काय ताडणार?

ही मोजणी फ्लो सायटोमीटर या मशीनवर होते: पेशींना रंगीत अँटिबॉडी चिकटवून त्या एकेक करून मोजल्या जातात. पण सर्वांत जास्त चुका मशीनच्या आधीच होतात. रक्त पुढच्या इन्फ्युजनच्या आधी, म्हणजे पूर्वतयारीचं स्टेरॉइड देण्याच्याही आधी घ्या. दर वेळी साधारण एकाच वेळेला घ्या, कारण लिम्फोसाइटची (बी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची) संख्या दिवसभरात वरखाली होते. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा. गुठळी दिसली तर नमुना बाद. नळी १८ ते २५ अंशांत ठेवा, फ्रिजमध्ये नको, आणि २४ तासांत लावा. मे महिन्यात कुरियरने पाठवताना बर्फाचा पॅक नळीला थेट टेकू देऊ नका.

बी पेशी ओळखायला त्यांच्या पृष्ठभागावरची सीडी१९ ही खूण वापरा, सीडी२० कधीच नको. ही औषधं सीडी२०लाच चिकटून बसतात. त्यामुळे चाचणीच्या अँटिबॉडीला जागा मिळत नाही आणि असलेल्या पेशीही दिसत नाहीत.

मोजणीच्या मण्यांच्या (संख्या आधीच माहीत असलेले सूक्ष्म मणी घातलेल्या) नळीत ५० मायक्रोलिटर रक्त उलट पिपेटिंगने घाला: बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून रक्त ओढा, पहिल्या थांब्यापर्यंतच सोडा, टिपमध्ये उरलेलं फेकून द्या. टिप बाहेरून पुसा. नळीच्या आतल्या भिंतीवर लालसर थेंब राहिला, तर त्याला ना अँटिबॉडी मिळते ना लाल पेशी फोडणारं लायसिंग द्रावण, आणि तिथल्या पेशी हिशेबातून सुटतात. मग अँटिबॉडीसह १५ मिनिटं अंधारात, त्यानंतर ४५० मायक्रोलिटर लायसिंग द्रावण आणि पुन्हा १५ मिनिटं. ही नळी धुवायची नाही. धुतली की मणी वाहून जातात आणि प्रति मायक्रोलिटर आकडा खोटा ठरतो.

आता खरी अडचण. लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर १,५०० असतील, तर ५० मायक्रोलिटरमध्ये सगळे मिळून ७५,००० भरतात. त्यात ०.०५ टक्के बी पेशी म्हणजे जेमतेम ३७. इतक्या कमी मोजणीत निव्वळ योगायोगानेच १६ टक्क्यांची चूक होते, आणि त्यातून स्मृती पेशी वेगळ्या काढणं तर व्यर्थच. म्हणून दुसरी नळी लावा: १ मिलिलिटर रक्त, लाल पेशी फोडायला दहापट अमोनियम क्लोराइड द्रावण, १० मिनिटं, दोनदा धुणं, मग अँटिबॉडीने रंगवणं. किमान ५ लाख लिम्फोसाइट मोजा. बी पेशींची टक्केवारी या नळीतून घ्या, लिम्फोसाइटची संख्या पहिल्या नळीतून, आणि दोन्हींचा गुणाकार करा.

गेट, म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशींभोवतीची सीमा, सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) आणि साइड स्कॅटर (पेशीवरून बाजूला विखुरणारा प्रकाश) यांवर घ्या. टी, बी आणि एनके या लिम्फोसाइटच्या तीन प्रकारांच्या टक्केवारीची बेरीज ९५ ते १०५ यावी. कमी आली, तर लिम्फोसाइटच्या गेटमध्ये मोनोसाइट किंवा न फुटलेल्या लाल पेशी शिरल्या आहेत का ते आधी पाहा. सीडी२७ असलेल्या आणि नसलेल्या पेशींमधली रेषा नजरेने ओढू नका. सीडी२७ वगळून बाकी सगळ्या अँटिबॉडी घातलेल्या नळीवरून ठरवा, आणि तीही निरोगी माणसाच्या रक्तावर, कारण रुग्णाच्या रक्तात रेषा ठरवण्याइतक्या बी पेशीच नसतात.

लॅबा जुळवायच्या तर सगळीकडे अँटिबॉडीचा क्लोन (तिचा नेमका वाण) आणि रंग एकच हवा. अँटिबॉडीचा नवा लॉट आला की जुना संपायच्या आत दोन्ही एकाच रक्तावर लावून पाहा. एकच नमुना वाटून सगळ्या लॅबांत पाठवा, आणि मशीनच्या फाइलीही अदलाबदल करून एकमेकांच्या गेटिंगने तपासा. आकडे जुळले नाहीत तर दोष हाताळणीचा की गेटचा, हे तेव्हाच कळतं.

बी पेशी कमी म्हणजे औषधाने पेशींवर काम केलं, एवढंच. आजार शांत आहे का, ते तपासणी आणि एमआरआयच सांगतात. एकट्या या आकड्यावर उपचार बदलू नयेत. रिपोर्टवर टक्केवारी, प्रति मायक्रोलिटर संख्या, प्रत्यक्ष मोजलेल्या बी पेशी, शेवटच्या डोसची आणि स्टेरॉइडची तारीख लिहा. पेशी दिसल्या नाहीत तरी ‘शून्य’ लिहू नका, आपल्या पद्धतीची मर्यादा देऊन ‘त्याहून कमी’ असं लिहा.