नव्या सर्व्हरवर युजर हलवले, पण लॉगिन होत नाही: आधी सातवा रकाना बघा

इंदूरच्या सियागंजातली पेढी असो की विजयनगरातलं छोटं ऑफिस, लिनक्स सर्व्हर बदलल्यावर सोमवारी सकाळी पहिली तक्रार हीच येते: 'पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही.' अशा वेळी पासवर्ड रिसेट करू नका. बहुतेकदा पासवर्ड ठीक असतो, शेलचा (लॉगिन झाल्यावर कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमचा) पाथ चुकलेला असतो. शेलची फाइल सापडली नाही, तर एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) पासवर्ड बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' एवढंच सांगतं. खरं कारण फक्त लॉगमध्ये उतरतं.

म्हणून रूटचं (मुख्य ॲडमिन खात्याचं) एक सत्र उघडं ठेवा आणि लॉग वाचा. डेबियन-उबुंटूवर तो /व्हार/लॉग/ऑथ.लॉग इथे असतो, रेड हॅट घराण्यात /व्हार/लॉग/सिक्युअर इथे. डेबियन 12 पासून ही फाइल आपोआप बनत नाही, तिथे 'जर्नलसीटीएल' चालवून लॉग वाचा. 'शेल डझ नॉट एक्झिस्ट' अशी ओळ दिसली की रोग सापडला. खात्री करायला रूटवरून 'सू - सुलभा' चालवा (सुलभाच्या जागी तुमचा युजर). इथे 'नो सच फाइल' असा स्पष्ट निरोप मिळतो.

आता 'गेटएन्ट पासडब्ल्यूडी सुलभा' द्या. कोलनच्या (:) चिन्हांनी तोडलेले सात रकाने येतात. तिसरा यूआयडी (युजरचा क्रमांक), सहावा होम (युजरचं फोल्डर), सातवा शेल. सगळ्या युजरांचा एकदम अंदाज हवा असेल तर:

कट -डी: -एफ7 /इटीसी/पासडब्ल्यूडी | सॉर्ट | युनिक -सी

या यादीतला प्रत्येक पाथ 'एलएस -एल'ने तपासा. जुनी मशीन फ्रीबीएसडी असेल, तर बॅश /यूएसआर/लोकल/बिन/बॅश इथे होता. लिनक्सवर तो /बिन/बॅश आहे. केएसएच, झेडएसएच, टीसीएसएच डेबियनवर आपोआप येत नाहीत, पॅकेज टाकावं लागतं. पॅकेज टाकायचं नसेल तर 'यूजरमॉड -एस /बिन/बॅश सुलभा'. मात्र सीएसएच वापरणाऱ्याला परस्पर बॅशवर टाकू नका. त्याच्या जुन्या स्क्रिप्टमधलं 'सेटएन्व्ह' बॅशला कळत नाही आणि तक्रारींची दुसरी फेरी सुरू होते. 'नोलॉगिन' लिहिलेली सिस्टमची खाती तशीच राहू द्या, ती मुद्दाम बंद असतात.

पाथ डोळ्यांना बरोबर दिसतो, फाइलही जागेवर आहे, तरी शेल सापडत नाही? युजरांची यादी विंडोजवर एक्सेल किंवा नोटपॅडमधून गेली असणार. /इटीसी/पासडब्ल्यूडी फाइलवर 'कॅट' कमांड मोठ्या ए-च्या पर्यायासह चालवा. ओळीच्या शेवटी नुसतं $ न येता ^एम$ आलं, तर तो न दिसणारा जादा कॅरेक्टर शेलच्या नावाला चिकटलेला आहे. 'व्हीआयपीडब्ल्यू' उघडून काढून टाका. पासडब्ल्यूडी फाइल साध्या एडिटरने उघडणं टाळा, कारण व्हीआयपीडब्ल्यू ती लॉक करूनच उघडतो.

लॉगिन झालं, पण समोर नुसतं $ आणि वरचा बाण दाबल्यावर ^[[ए उमटतं? शेल /बिन/एसएच आहे, म्हणजे डेबियनवर डॅश नावाचा साधा शेल. 'यूजरॲड' -एस न देता चालवला की हेच होतं.

यूआयडीकडेही बघा. सेंटओएस 6 वर साधे युजर 500 पासून सुरू होत, 7 पासून ते 1000 वर गेले. आकडा बदलला की होमच्या फाइली जुन्या आकड्याच्याच नावावर राहतात. मग 'बॅशआरसी: परमिशन डिनाइड' येतं, आणि एसएसएच की-सुद्धा 'बॅड ओनरशिप' म्हणून नाकारली जाते. 'एलएस -एलएन'ने आकडे ताडून पाहा, 'चाउन -आर'ने (आर मोठा) मालकी दुरुस्त करा, .एसएसएच फोल्डरला 700 आणि ऑथोराइज्ड_कीजला 600 द्या. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) चालू असेल तर होमवर 'रिस्टोरकॉन -आर'ही चालवा.

एसएसएच चालतं, पण एफटीपी (फाइल पाठवायची सेवा) 530, म्हणजे लॉगिन नाकारल्याचा निरोप, देतं, तर बहुतेकदा शेलचा पाथ /इटीसी/शेल्स फाइलमध्ये नसतो. तिथे एक ओळ वाढवा. आणि दुसऱ्या मशीनवरून साध्या युजरने प्रत्यक्ष लॉगिन होईपर्यंत ते रूटचं सत्र बंद करू नका.