होडीचं सुकाणू डोक्यातून काढा: सिममध्ये एअरलाइनर नीट कसं वळवायचं

किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वळणं म्हणजे सुकाणू हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. तांडेल सुकाणू दाबतो, होडीचं तोंड फिरतं आणि होडी त्या बाजूला जाते. मे महिन्यात भाचा मालवणला आलेला, त्याला सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर, बोइंग ७३७ हे मोठं प्रवासी विमान (एअरलाइनर) दिलं तर त्याने पहिल्यांदा काय केलं, डावं पेडल पार खाली दाबून धरलं. नाक डावीकडे गेलं पण विमान आडवं घसरत जवळपास सरळच चाललेलं, मग डावा पंख खाली पडायला लागला, पोरगा घाबरला आणि ओरडला, "मामा, ह्या वळणा नाय!" मी म्हटलं पाय काढ आधी.

सिम नवीन घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची इथेच गडबड होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

विमान वळतं ते पंख कलल्यामुळे. पंखांची लिफ्ट, म्हणजे विमानाला उचलून धरणारं बल, एरवी सरळ वर असते, विमान कललं की ती पण कलते आणि तिचा एक भाग विमानाला बाजूला ओढतो, बस्स तेच वळण. रडर म्हणजे शेपटीवरचं, पेडलने हलणारं उभं सुकाणू, त्याचं काम एवढंच की नाक समोरून येणाऱ्या हवेत सरळ ठेवायचं, विमान आडवं घसरू द्यायचं नाही. याला कोऑर्डिनेटेड टर्न म्हणतात. छोट्या सेसना विमानामध्ये हे पायाने करावं लागतं, कारण डावीकडे कलवताना उजव्या पंखाचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) खाली जातं, तिकडे लिफ्ट वाढते तसा ड्रॅगही, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध, वाढतो आणि नाक उलट उजवीकडे ओढलं जातं. तेव्हा कलवतानाच डावा पाय थोडा द्यायचा. समोर काचेच्या नळीत बॉल असतो, तो ज्या बाजूला पळेल त्या बाजूचं पेडल दाबायचं. माझं ऐकाल तर एअरलाइनरला हात लावायच्या आधी चार-पाच संध्याकाळी सेसनावर हेच करा, पायाला सवय तिथेच लागते.

आता एअरलाइनर. इथे वळताना पाय पेडलवर नुसते टेकवून ठेवायचे, दाबायचे नाहीत. कारण एकतर कलवताना आतल्या बाजूच्या पंखावरचे स्पॉयलर (पंखावर उभ्या होणाऱ्या पट्ट्या) पण थोडे उघडतात, त्यामुळे ड्रॅग दोन्ही बाजूंना बराचसा सारखा होतो, आणि दुसरं म्हणजे यॉ डँपर नावाची यंत्रणा सतत स्वतःच रडर थोडं थोडं हलवत असते, पेडल हलत नाही पण मागे रडर काम करतंय. एअरबस ए३२० मध्ये तर वळणाचं कोऑर्डिनेशन पूर्णपणे कॉम्प्युटर बघतो.

यॉ डँपर काय करतो ते डोळ्यांनी बघायचं असेल तर ७३७ घेऊन ३५००० फुटांवर जा, ऑटोपायलट आणि यॉ डँपर दोन्ही बंद करा, एक पेडल जरासं दाबून सोडा. नाक डावी-उजवी करायला लागतं, त्याच्या मागोमाग पंख वरखाली, विमान डोलत राहतं. याला डच रोल म्हणतात, मागे झुकलेल्या पंखांच्या विमानांचा तो स्वभावच आहे. यॉ डँपर चालू केला की डोलणं शांत होतं.

प्रॅक्टिससाठी मी चिपी, म्हणजे आपला सिंधुदुर्ग विमानतळ, वापरतो. परुळ्याजवळ कातळावर पूर्व-पश्चिम २५०० मीटरची धावपट्टी आहे, पश्चिमेला टेकऑफ केलं की लगेच समुद्र, खाली डोंगर नाहीत की काही नाही. सरळ ५००० फुटांपर्यंत चढा, २५० नॉट्सला स्थिर व्हा, ऑटोपायलट काढा. आता हेडिंग, म्हणजे नाकाची होकायंत्रावरची दिशा, २७० वरून उजवीकडे ३६० ला जायचंय. योक (हातातलं स्टिअरिंग) उजवीकडे हळू फिरवा, बँक, म्हणजे पंखांचा कल, २५ अंश झाला की योक परत मध्यावर, बँक तसाच राहतो. बरेच जण योक धरूनच ठेवतात, मग बँक ३५-४० होतो आणि नाक खाली पडतं. २५ अंशांत वजन जवळपास १.१ पट होतं, तेवढ्यापुरतं योक हलकंसं मागे ओढायचं, नाहीतर उंची जाते. ए३२० मध्ये ३३ अंशांपर्यंत तेही नको, साइडस्टिक (योकऐवजी बाजूला असलेली दांडी) सोडून दिली तरी बँक आणि नाक जागेवर राहतं. या वेगाला विमान सेकंदाला साधारण २ अंश वळतं, म्हणजे ९० अंशांना पाऊण मिनिट, आणि वळणाची त्रिज्या ४ किलोमीटरच्या आसपास. सेसनातून आलेल्याला हे फार संथ वाटतं आणि हमखास इथेच पाय शिवशिवतात, की थोडं पेडल देऊन नाक लवकर आणू. देऊ नका. बँकच्या एक तृतीयांश आधी, म्हणजे ३५२ च्या सुमाराला, योक उलट फिरवून पंख सपाट करायला घ्या. उजव्या खिडकीत मालवणची किनारपट्टी दिसेल पण पहिले काही दिवस नजर आतच ठेवा, समोरच्या स्क्रीनवर बँकच्या त्रिकोणाखाली एक छोटी पट्टी असते तिच्यावर. ती पूर्ण वळणात त्रिकोणाखालीच राहिली तर वळण कोऑर्डिनेटेड.

मग पेडल कशाला लावलीयत? जमिनीसाठी, आडव्या वाऱ्यासाठी आणि इंजिन गेल्यावर.

टेकऑफला दोन्ही इंजिनं आधी ४० टक्के एन१ ला (एन१ म्हणजे इंजिनच्या पुढच्या पंख्याचा वेग) सारखी होऊ द्या, मगच पूर्ण पॉवर, नाहीतर एक आधी उसळतं आणि विमान बाजूला जातं. पेडलने पुढचं चाक ७३७ मध्ये फक्त ७ अंश वळतं, ते धावपट्टीवर पुरतं, टिलर (पुढचं चाक वळवायचं हाताचं चक्र) टॅक्सीपुरता, म्हणजे जमिनीवर हळू चालण्यापुरता. वेग वाढत जातो तसं रडर जास्त धरतं, म्हणून पायाचा दाब कमी कमी करत न्यायचा.

खरी परीक्षा लँडिंगला, त्यातही पावसाळ्यात. समजा धावपट्टी २७, म्हणजे २७० अंशांच्या दिशेची, आणि वारा २२० अंशांवरून २० नॉट्स, म्हणजे डावीकडून १५ नॉट्स आडवा वारा. १४० नॉट्सच्या अप्रोचला नाक साधारण ६ अंश डावीकडे ठेवूनच विमान सेंटरलाइनवर येतं, हे तिरकं येणं बरोबरच आहे, खाली येईपर्यंत सरळ करायला जाऊ नका. पंख सपाट, पाय मोकळे. फ्लेअर, म्हणजे टेकायच्या आधी नाक हलकं उचलणं, सुरू झाला की उजवं पेडल हळूहळू दाबत नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, आणि त्याच वेळी योक थोडं डावीकडे, कारण नाक उजवीकडे फिरलं की डावा पंख उचलायला बघतो. मी सुरुवातीला पेडल एकदम मारायचो, तेही ५० फुटांवर, मग वारा विमानाला उजव्या कडेला घेऊन जायचा आणि चाकं गवतात. पाय उशिरा आणि मऊ, एवढंच आठवून मी ते सुधारलं. चाकं टेकली म्हणजे काम संपलं असं नाही, टॅक्सीच्या वेगापर्यंत पाय जिवंत ठेवा.

इंजिन गेलं तर उलट आहे, तिथे भरपूर पाय लागतो. डावं इंजिन गेलं की नाक डावीकडे पळतं, उजवं पेडल द्यायचं. किती? ७३७ मध्ये योक सरळ राहील इतकं. योक तिरकं धरून उडावं लागत असेल तर पाय कमी पडतोय किंवा जास्त होतोय. पाय थरथरायच्या आत रडर ट्रिम द्या, म्हणजे पाय न दाबता रडर तिथेच राहील, साध्या उड्डाणात ७३७ चा ऑटोपायलट रडर हलवत नाही, तो तुमच्यासाठी ट्रिम करणार नाही. ए३२० मध्ये टेकऑफला इंजिन गेलं की त्रिकोणाखालची ती पट्टी निळी होते, ती मध्ये येईपर्यंत पाय द्यायचा.

एक गोष्ट सिममध्येसुद्धा करू नका, हवेत पेडल पूर्ण डावं, लगेच पूर्ण उजवं. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७, ए३००, दुसऱ्या विमानाच्या मागच्या खळबळीत सापडलं, को-पायलटने पेडल असं आलटून पालटून मारलं आणि शेपटीचा उभा पंखच तुटून गेला. २६५ माणसं गेली. वाईट सवय सिममध्ये लागली तरी ती सवयच.

आणि हे सगळं बरोबर करूनही पट्टी एका बाजूला सरकलेलीच दिसत असेल तर स्वतःला दोष द्यायच्या आधी पेडल तपासा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत आतला पॉट (पेडल किती दाबलं ते मोजणारा पार्ट) लवकर खराब होतो, माझ्या पेडलचा दुसऱ्याच पावसाळ्यात गेला, पाय न लावता रडर कायम ३-४ टक्के उजवीकडे, आणि मी महिनाभर समजत होतो की मलाच वळवता येत नाही. कंट्रोलच्या सेटिंगमध्ये रडरची रेषा बघा, पाय काढल्यावर ती हलत असेल तर डेड झोन (मध्याजवळची जेवढी हालचाल सिम मोजत नाही तो भाग) ५ टक्क्यांपर्यंत वाढवा, कॅलिब्रेशन परत करा, तरी थांबली नाही तर पेडल उघडून पॉटवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. आणि सिममध्ये ऑटो रडरची मदत चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर पेडल दाबतंय कोण हेच तुम्हाला कळणार नाही.