चुलीच्या धुराला वाट द्या

गॅसची टाकी आली तरी आमच्या औसा तालुक्यातली चूल काही विझली नाही. अंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण, सकाळच्या भाकरी आणि पाहुणे आले की मटणाचं कालवण, एवढं अजून चुलीवरच होतं. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि टाकी घराघरात पोचली. पण टाकी भरायला रोख पैसा लागतो, आणि तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, तर आपल्याच रानात पडलेल्या असतात. त्यामुळं चूल राहणारच आहे. ती नीट घालावी आणि नीट वापरावी, म्हणून हे लिहितेय. गल्लीत कुणाची चूल घालायची असली की बायका मला बोलावतात. तिथं जे तोंडी सांगते, तेच इथं सांगते.

पहिली गोष्ट जागेची. आमच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताच्या घरांना सानं असायचं. चुलीच्या अंगाला छतात ठेवलेलं भोक. त्यातून उजेड आत यायचा आणि धूर वर जायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर माळवदाखाली झोपायचा कुणाला धीर होईना. पत्र्याची घरं झाली, स्लॅबची झाली. ते योग्यच झालं. पण या नव्या खोल्यांना सानं कुणी ठेवलं नाही, आणि चूल मात्र तशीच आत मांडली. आता धूर स्लॅबला धडकतो, खाली उतरतो आणि भाकरी थापणारीच्या डोळ्यात आणि छातीत जातो. मांडीवरच्या लेकराच्याही जातो. लहान लेकरांना न्यूमोनिया, बायकांना दम्यासारखा धाप लागणारा आजार आणि मोतीबिंदू, हे सगळं घरातल्या धुरानं वाढतं. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते आणि आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांचे डोळेही हेच सांगतात.

म्हणून जमत असेल तर चूल घराबाहेर छपरीत घाला. दोन बाजू मोकळ्या, वर पत्रा, आणि वाऱ्याच्या अंगाला कमरेएवढी आडभिंत. आपल्याकडं उन्हाळ्या-पावसाळ्यात वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं, तेव्हा ती भिंत पश्चिमेला घ्या. कडब्याची गंजी, भुसाऱ्याची खोली आणि गोठा या तिन्हीपासून चूल लांब हवी. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळ उठली की एक ठिणगी पुरते आणि वर्षाची वैरण डोळ्यादेखत जाते. अशा दिवसांत चुलीवरचा स्वयंपाक ऊन चढायच्या आत उरका.

आतच घालायची असेल तर धुराडं केल्याशिवाय घालू नका. चुलीच्या मागच्या वैलातून, म्हणजे जोडून असलेल्या दुसऱ्या तोंडातून, धूर पाइपात जाऊ द्या. पाइप लोखंडी पत्र्याचा घ्या, चार इंची, आणि शक्य तेवढा सरळ वर न्या, कारण प्रत्येक वळणावर काजळी धरते. छपराच्या वर दोन-तीन फूट निघाला पाहिजे, नाहीतर वाऱ्यानं धूर उलटा घरात येतो. वर टोपी बसवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. बोअरचा उरलेला प्लास्टिकचा पाइप लावलेला मी पाहिलाय. तो वितळतो, पेटतो आणि त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी असतो. पाइप जिथं छपरातून जातो तिथं लाकडी वासा किंवा आढं असेल तर मधे हातभर अंतर सोडा. वासा रोज थोडा थोडा तापून कोरडा पडतो आणि एक दिवस पेट घेतो.

धुराडं झालं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. ओलं सरपण जाळलं की आतून डांबरासारखा काळा चिकट थर बसतो. तो थर पेट घेतो. रोजचा स्वयंपाक असेल तर महिन्यातून एकदा, चूल पूर्ण गार असताना, लांब काठीला काथ्या किंवा जुनं पोतं घट्ट बांधून पाइप वरून खाली घासून काढा. तोंडाला पदर बांधा. आणि कधी पाइपातून घोंघावल्यासारखा मोठा आवाज आला, पाइप लाल दिसायला लागला, तर आत आग लागलीय हे ओळखा. लेकरं-म्हातारी बाहेर काढा, चुलीवर राख किंवा माती टाकून विस्तव दाबा आणि चुलीचं तोंड पत्र्यानं बंद करा, म्हणजे वारं मिळणार नाही. तापलेल्या पाइपात पाणी ओतू नका. आग छपराला लागलेली दिसली तर 101 किंवा 112 ला फोन.

आता चूल घालायची कशी. आपली काळी माती चुलीला चालत नाही. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. ज्यानं उन्हाळ्यात रानातल्या भेगा पाहिल्यात त्याला हे सांगायला नको. जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीची पांढरी माती आणा. तीन घमेली माती चाळून घ्या, त्यात एक घमेलं गव्हाचा बारीक भुसा आणि एक घमेलं शेण. घोड्याची लीद मिळाली तर शेणाऐवजी तीच घ्या, तिच्यातले धागे माती धरून ठेवतात. पाणी घालून पायानं तुडवा, झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवा. दोन-तीन दिवस मुरलेली माती हाताला लोण्यासारखी लागते, तेव्हा चूल घालायला बसा. तोंड वीतभर रुंद, उंची वीतभर. वरच्या कडेला भांडं टेकायला तीन उंचवटे ठेवतो, ते बोटाच्या जाडीएवढेच असावेत. त्या फटीतून जाळ बाहेर श्वास घेतो. फट ठेवली नाही तर जाळ गुदमरतो आणि धूर तोंडातून उलटा येतो. फट फार मोठी ठेवली तर आच भांड्याला लागण्याआधीच निघून जाते. चूल सावलीत वाळवा, उन्हात नको. पहिल्या दिवशी नुसता बारीक जाळ करा.

"काकू, चुलीला चिरा पडायल्यात," असं कुणीतरी दर उन्हाळ्यात म्हणतंच. चीर आधी पाण्यानं ओली करायची, मग तीच मुरलेली माती बोटानं आत दाबायची. कोरड्या चिरेवर ओली माती थापली तर ती दुसऱ्या दिवशी पोपडा होऊन पडते. रोज सकाळी चूल गार असताना राख काढून पोतेरं, म्हणजे पातळ मातीत बुडवलेलं फडकं, फिरवलं की बारीक चिरा तिथल्या तिथं बुजतात.

सरपणाबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे, कारण धूर किती होणार हे बरंचसं सरपणावरच ठरतं. धूर म्हणजे लाकडातलं न जळलेलं द्रव्य. ओलं लाकूड घातलं की बरीच आच त्यातलं पाणी आटवण्यातच जाते आणि उरलेलं धुरावाटे डोळ्यात. दिवाळीनंतर तोडलेलं, उन्हाळाभर उन्हात पडलेलं आणि मृगाच्या आत छपराखाली गेलेलं सरपण खरं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. ठण् असा आवाज आला तर वाळलंय, भद असा आला तर अजून ओल आहे. बाभूळ आणि येडी बाभूळ यांचा इंगळ, म्हणजे लाल निखारा, चांगला राहतो, चिंचेचाही. तुराटी झटकन पेटते आणि झटकन संपते, म्हणून ती पेटवणीला आणि भाकरीच्या शेवटच्या जाळाला. पऱ्हाट्या मात्र पावसाळ्यापर्यंत साठवून ठेवू नका. त्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. आधी त्या जाळून संपवा.

कण्हेरीची फांदी चुलीत घालायची नाही, तिचा धूरसुद्धा विषारी. रंग दिलेली जुनी चौकट, प्लायवूडचे तुकडे, औषधाची रिकामी खोकी, खताच्या पिशव्या यांतलं काहीही नको. पेटवताना चिमूटभर प्लास्टिक घालायची सवय फार घरांत लागलीय, ती सोडा. त्या धुरावर भाजलेली भाकरी आपण लेकराच्या हातात देतो.

सरपणाची रास थेट जमिनीवर रचू नका. खाली दगड आणि त्यावर आडवी लाकडं ठेवली की ओल लागत नाही आणि वारं खेळतं. विंचू, फुरसं, घोणस यांना अशीच जागा आवडते. काढण्याआधी काठीनं खडखडाट करा, अंधारात बॅटरी घेतल्याशिवाय हात घालू नका.

पेटवताना खाली थोडी राख राहू द्या, वर चार तुराट्या मोकळ्या मोकळ्या, आणि त्या धरल्या की मनगटाएवढ्या जाडीची दोन-तीन लाकडं. टोकंच आत, बाकी बाहेर, जळेल तसं पुढं सरकवायचं. चूल ठासून भरली की वारं अडतं आणि धुपायला लागते. लाकडाखाली लोखंडी जाळीचा तुकडा ठेवला तर खालून वारं मिळतं आणि धूर चांगलाच कमी होतो. फुंकणी लांब असावी, तोंड जाळाशी नेऊ नका. रॉकेल, डिझेल यांना हात लावू नका, पेट्रोलला तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ आधी पसरते आणि काडी ओढली की आग चुलीत नाही, हवेत लागते. भांडं चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवा, काजळी मातीवर बसते आणि घासताना मातीबरोबर निघून जाते.

नायलॉनची साडी किंवा मॅक्सी घालून चुलीपुढं बसू नका. ते कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. सुती नेसा, पदर खोचा, ओढणी मागं बांधा. शेजारी भरलेली घागर आणि एक जाड घोंगडी ठेवा. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं आणि दुसऱ्यानं घोंगडी टाकायची. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहा. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते हे मला कळतं, तरी तेवढं पाणी तिथं खर्च करा. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल काही लावू नका. चेहरा भाजला असेल, मोठा भाग भाजला असेल किंवा लहान लेकरू असेल तर 108 ला फोन करून दवाखाना गाठा.

चूल आणि गॅसची टाकी एका खोलीत नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, फरशीवर पसरतो, आणि आपली चूल फरशीवरच असते. ओट्यावर गळती झाली तर आग खाली चुलीपाशी लागते. वास आला की आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, लाइटच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

थंडीतली शेगडी हा सगळ्यात काळजीचा विषय. काही वर्षी परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि मग घमेल्यात इंगळ घेऊन माणसं दार लावून झोपतात. बाळंतिणीची खोली तर फटीत चिंध्या कोंबून बंद करतात. खाटेखाली शेगडी, बाजूला ओवा-वावडिंगाची धुरी. लाल इंगळाला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर आल्यावर हलकं वाटलं, तर तो हाच वायू समजा. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या.

आत्याबाई म्हणायच्या, "आमच्या येळेला सगळ्या बाळंतिणी शेकल्याच की गं." शेकल्या, पण त्या सान्याखाली शेकल्या. छतातलं भोक रात्रभर उघडं होतं. आताच्या स्लॅबच्या खोलीला तशी वाट नाही. तेव्हा खोली आधी तापवून घ्या, दार-खिडकी उघडी ठेवून. बाळ-बाळंतीण आत जाण्याआधी शेगडी बाहेर काढा. नंतर उबेला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी द्या, आणि बाळाला आईच्या उघड्या अंगाशी धरून वरून गोधडी घाला. धुरी बाळाच्या खोलीत नकोच.

झोपायच्या आधी चुलीतली लाकडं बाहेर ओढून मातीत विझवा. राखेखाली इंगळ दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, म्हणून राख प्लास्टिकच्या बादलीत भरू नका आणि ताजी ताजी उकिरड्यावर फेकू नका. लोखंडी घमेल्यात काढा, पाणी शिंपडा, झाकून एक दिवस दाराबाहेर ठेवा. गार झालेली राख चाळून भांड्यांना आणि कोंबड्यांच्या लोळायच्या खड्ड्याला वापरा. झाडाच्या बुडाशी ओतायची असेल तर मूठ-दोन मुठीच. राखेत क्षार असतो, आणि आपली काळी माती आधीच त्या अंगाची आहे.