बंब पेटवा, पण धुराविना

आमच्या सातारा भागात थंडीत अंघोळीला अजून तांब्याचा बंबच लागतो, मधल्या नळीत जळण घालून पाणी तापवायचा. गिझरच्या पाण्यानं अंग शेकत नाही म्हणतात सासूबाई, त्याला इलाज नाही.

धूर होतो तो मुख्यतः ओल्या जळणाचा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. ठण्ण वाजलं तर वाळलंय. धप्प वाजलं तर परत पत्र्याखाली. पेटल्यावर टोकाला फेस येऊन चरचरलं तरी तेच समजायचं. बाभळ असेल तर फोडून, हवा खेळेल अशी रचून उन्हाळाभर वाळवा.

आदल्या दिवशीची राख आधी काढा. जाळी तुंबली की खालून हवा मिळत नाही आणि आग नुसती धुमसते. नळी गच्च भरू नका. थोड्या ढलप्या टाका, त्या धडधडून पेटल्या की पुढच्या. पेटवायला करवंटी नाहीतर चिपाडं. प्लास्टिकची पिशवी नको म्हणजे नको, शेजारीण काहीही सांगू दे.

धुरातले २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. थंडीत पहाटे धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. घरात दमेकरी असेल तर ऊन वर आल्यावर पेटवा.

आणि बंब बंद न्हाणीघरात कधीच नको. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळतही नाही. आमचा मागच्या पडवीत असतो.