टेरोडॅक्टिल: माइनक्राफ्ट सर्व्हर १३७ कोड देऊन बंद पडतोय?

टेरोडॅक्टिल या गेम सर्व्हर चालवण्याच्या पॅनेलच्या कन्सोलवर ‘एक्झिट कोड: १३७’ आणि खाली ‘आउट ऑफ मेमरी: ट्रू’ दिसलं, की प्लगइन शोधत बसू नका. मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) प्रोसेस मारली आहे. पॅनेलमधला मेमरीचा आकडा अख्ख्या डॉकर कंटेनरला (सर्व्हर ज्या बंदिस्त चौकटीत चालतो तिला) लागू होतो. जावाला मात्र हीप (गेमचा डेटा ठेवायची मुख्य मेमरी) सोडून थ्रेड, मेटास्पेस (क्लासची माहिती) आणि नेटवर्क बफरसाठीही जागा लागते. मॉडपॅक असेल तर बरीच. अॅडमिन विभागात त्या सर्व्हरच्या स्टार्टअप टॅबवर जा. कमांडमध्ये मॅक्सरॅमपर्सेंटेज (हीपला रॅमचे जास्तीत जास्त किती टक्के) ९५ असेल तर ८० करा, एक्सएमएक्स (हीपचा कमाल आकार) असेल तर ६१४४ एमबीच्या सर्व्हरला साधारण ५००० एमबी द्या. मग रीस्टार्ट. पॅनेलमधली मेमरीची मर्यादा ० ठेवणं तर टाळाच: शून्य म्हणजे अमर्याद, आणि तेव्हा हे टक्के संपूर्ण मशीनच्या रॅमवर मोजले जातात. शेजारचे सर्व्हरही त्यात अडकतात.