'होऊन जाईल' म्हणण्याआधी: ऑफशोअर टीमने या चुका टाळा

हिंजवडीतली मीटिंग रूम, संध्याकाळचे साडेसात. आम्ही पाच जण, म्हणजे परदेशी क्लायंटचं सॉफ्टवेअर इथे बसून बनवणारी ऑफशोअर टीम, लॅपटॉप प्रोजेक्टरला लावून डेमोच्या तयारीत, आणि न्यूयॉर्कच्या क्लायंटचा मेसेज: "अर्धा तास वाट पाहिली, आता आम्ही दुसऱ्या कॉलवर आहोत." मार्चचा दुसरा रविवार नुकताच उलटला होता, म्हणजे तिकडचं घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेलं होतं. वेळ मेलवर ठरलेली, 'आमच्या सकाळी ९ला' एवढीच. कॅलेंडरचं आमंत्रण पाठवायचं आमच्याकडून राहून गेलं होतं. हिवाळ्यात त्यांचे ९ म्हणजे आपले साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. आपलं घड्याळ वर्षभर जागेवर असतं, त्यामुळे बाकीच्यांची सरकतात हेच आपण विसरतो.

त्यात अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी सरकत नाहीत. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपचं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चमधले ते दोन-तीन आठवडे, आणि ऑक्टोबरअखेरचा एक, तिन्हीकडची माणसं एका कॉलवर आणताना हमखास गोंधळ होतो. आमंत्रण क्लायंटच्या टाइमझोनमध्ये बनवा आणि वेळेपुढे शहराचं नाव लिहा. नुसतं 'आयएसटी' लिहून भागत नाही, कारण आयर्लंड आणि इस्रायलची माणसंही आपापल्या वेळेला आयएसटीच म्हणतात.

कोडमध्येही हेच. न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री २:३०ला आपोआप चालणारं काम (जॉब) असेल, तर मार्चच्या त्या रविवारी २:३० वाजतच नाहीत. नोव्हेंबरात १:३० दोनदा वाजतात. घडून गेलेल्या गोष्टीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या, न सरकणाऱ्या वेळेत साठवा. पुढे कधी घडायची असेल, तर सोबत झोनचं नाव ठेवा, नुसतं 'यूटीसी उणे पाच तास' नको.

अंदाज बांधून पुढे जाणं

घड्याळाची चूक निदान लगेच दिसते. खरा खर्च होतो तो न विचारलेल्या प्रश्नांवर.

क्लायंटकडून टिकेट, म्हणजे कामाची लेखी नोंद, आलं: 'ग्राहक डिलीट करता आला पाहिजे.' बस, एक ओळ. आमच्या टीममधल्या एका मुलाने बटण बनवलं, दाबलं की ग्राहक गेला आणि त्याच्याबरोबर त्याची जुनी इन्व्हॉइसही गेली. क्लायंटला ग्राहक यादीतून फक्त लपवायचा होता. हिशेबाचे कागद कोण पुसेल? नशीब, हे टेस्ट सर्व्हरवरच सापडलं. मुलाला विचारलं, शंका आली नव्हती का? म्हणाला, "आली होती सर, पण विचारलं असतं तर दोन दिवस गेले असते."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. सोमवारी सकाळी अकराला प्रश्न टाकला, तर तो न्यूयॉर्कला आपल्या संध्याकाळी वाचला जाणार. तिकडून रात्री आठला उलट प्रश्न येणार, 'कुठल्या स्क्रीनवर?' तोवर मुलगा कंपनीच्या बसमध्ये. मंगळवारी उत्तर, बुधवारी सकाळी खुलासा हातात. प्रश्न एवढा महाग पडला की माणूस अंदाजच बांधणार. 'विचारा, घाबरू नका' असं मीटिंगमध्ये सांगून काही होत नाही, प्रश्न स्वस्त करावा लागतो.

त्यानंतर आम्ही प्रश्न असा लिहायला लागलो: 'ग्राहकांच्या यादीत डिलीट दाबल्यावर जुनी इन्व्हॉइस ठेवायची का? स्क्रीनशॉट जोडला आहे. मी ठेवणार आहे आणि ग्राहक फक्त लपवणार आहे. वेगळं हवं असेल तर तुमच्या मंगळवारी दुपारपर्यंत सांगा; नंतर बदलायला अर्धा दिवस लागेल.' समोरच्याला 'ओके' एवढंच लिहायचं उरतं. उत्तर नाही आलं तरी काम थांबत नाही. अर्थात डेटा पुसणं, पैसे, परवानग्या असल्या गोष्टींत उत्तराशिवाय पुढे जायचं नाही.

'हो' आणि '९० टक्के'

"गुरुवारपर्यंत होईल ना?" याला आपल्याकडून "यस" जातं. आपल्या मनात त्याचा अर्थ 'ऐकलं, बघतो, होऊन जाईल'. तिकडे क्लायंट तोच गुरुवार त्याच्या साहेबाला कळवून मोकळा होतो. बुधवारी रात्री 'थोडं बाकी आहे' म्हटलं की मग एस्कलेशन, म्हणजे थेट वरच्या साहेबांकडे तक्रार. उशीर होतोय हे सोमवारी सांगितलं असतं, तर त्याने एखादी गोष्ट वगळून तारीख वाचवली असती. रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये (स्टँडअप) 'ऑलमोस्ट डन' तीन दिवस ऐकू आलं तर टक्के विचारू नका, चालवून दाखव म्हणा.

टीम लीडचीही एक खोड आहे, माझीही होती. समजावून झालं की विचारायचं, "समजलं का?" याला शाळेपासून एकच उत्तर पाठ आहे: हो सर. त्याऐवजी, तू काय बनवणार आहेस ते मला सांग, असं म्हणा. दुसऱ्याच वाक्याला कळतं.

भाषेच्याही बारीक ठेचा लागतात. आपण 'आय हॅव अ डाउट' लिहितो, मनात साधी शंका असते. अमेरिकन माणसाला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. 'क्वेश्चन' लिहा. 'ईओडी', म्हणजे दिवसअखेर, कुणाचा, पुण्याचा की शिकागोचा? ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल? महिना अक्षरात लिहा. आणि जर्मन सहकारी 'हाल्ब एल्फ' म्हणाला तर ते साडेअकरा नव्हेत, साडेदहा.

सुट्ट्यांचं थोडक्यात. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो हे आपल्याला पाठ. पण अनंत चतुर्दशीला पुण्यातले रस्ते बंद असतात हे क्लायंटला कोणी सांगितलेलं नसतं. दोन्हीकडचं कॅलेंडर जानेवारीतच एकत्र करा. पालखीचे दिवसही घाला.

बग सापडत नाही म्हणून प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या ग्राहकांचा, डेटा चटकन मागवणं मात्र टाळा. युरोपातल्या ग्राहकांची माहिती असेल तर २५ मे २०१८पासून जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे. डेटा लॅपटॉपवर उतरवला नाही, पुण्यातून नुसता उघडून पाहिला, तरी तो युरोपबाहेर गेला असंच धरलं जातं. करारात त्याची सोय आहे का ते आधी बघा, आणि जमेल तिथे नावं-पत्ते बदललेला डेटा वापरा.

शेवटचं, शुक्रवारचं डिप्लॉयमेंट, म्हणजे नवं सॉफ्टवेअर खऱ्या ग्राहकांसाठी चालू करणं. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शुक्रवारचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटेचे साडेपाच. तिकडची माणसं घरी निघालेली, इकडची झोपलेली. आपण सोमवारी सकाळी दहाला मशीन उघडतो तेव्हा तिथे अजून रविवारची रात्रच असते. रिलीज बुधवारी घ्या. शुक्रवारी घ्यावाच लागला, तर त्या पहाटे फोन कोण उचलणार त्याचं नाव टिकेटमध्ये लिहा, आणि ते लिहिण्याआधी त्याला विचारा.